पाळकाच्या घराची धनीण : काथरीनाबाई लूथर

आपल्या मंडळ्यांतून पाळकाला किंवा उपदेशकाला बायको-मुले असावीत ह्याचे कोणास नवल वाटत नाही. उलट, नवा उपदेशक गावी यावयाचा झाला म्हणजे त्याची बायको कशी आहे, ती आल्यागेल्याचे पाहील की नाही, बायांच्या सभेत दोन शब्द बोलेल की नाही, ह्याचीच चौकशी आधी होते. आणि हे योग्यही आहे. कारण उपदेशक मंदिरात जे सांगतो ते खरे की खोटे, हे लोक त्याच्या घरात पाहतात. परंतु जवळपास रोमन कॅथॉलिक मंडळी असेल तर तेथील फादर अविवाहित असतात. दोघेही एकाच प्रभूचे नाव घेतात, दोघेही तेच शुभवर्तमान वाचतात. मग ह्या दोन निराळ्या रीती कशा पडल्या, असा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांस पडत असेल. नुसती नियमांची यादी दिल्याने त्याचे उत्तर नीट समजत नाही. ज्या बाईच्या आयुष्यात हा नियम प्रत्यक्ष आडवा आला, तिची हकीगत ऐकली म्हणजे ते चांगले उमजते. म्हणून जर्मन देशातील धर्मसुधारक डॉक्टर मार्टिन लूथर ह्यांच्या पत्नी काथरीनाबाई ह्यांचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

चरित्राकडे वळण्यापूर्वी त्या काळचा नियम सांगणे अवश्य आहे. पवित्र शास्त्रात ह्या बाबतीत दोन्ही प्रकारची माणसे आढळतात. प्रेषित पेत्र विवाहित होता; त्याच्या सासूचा ताप प्रभूने घालविला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. मंडळीचे अध्यक्ष व वडील कसे असावेत हे पौलाने तीमथ्याला व तीताला कळविले, तेव्हा त्याने बायको-मुले असलेली व आपले घर नीट चालविणारी माणसे डोळ्यांपुढे ठेविली. उलटपक्षी पौल स्वतः एकटा राहिला, आणि अविवाहिताला प्रभूच्या कामाची काळजी अधिक मोकळेपणाने वाहता येते असे त्याने करिंथ येथील मंडळीला लिहिले. स्वर्गाच्या राज्यासाठी विवाह न करणाऱ्यांविषयी प्रभूही बोलला. ह्यावरून दोन्ही स्थितींत देवाची सेवा घडू शकते, हे स्पष्ट आहे.

पुढे हळूहळू पश्चिमेकडील मंडळीत एका स्थितीलाच नियमाचे रूप आले. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेन देशातील एल्विरा येथील सभेने विवाहित याजकांनी पत्नीशी संग करू नये असे ठरविले. अकराव्या शतकात पोप सातवा ग्रेगरी ह्याने याजकांच्या विवाहाविरुद्ध कडक मोहीम चालविली. अखेरीस ११२३ व ११३९ साली रोम येथील लॅटरन सभांनी असा निर्णय दिला की, वरिष्ठ याजकपदावरील पुरुषाने किंवा मठाचे व्रत घेतलेल्या मनुष्याने केलेला विवाह हा विवाहच नव्हे. पूर्वेकडील मंडळ्यांनी हा निर्बंध स्वीकारला नाही. तेथे विवाहित पुरुषाला याजक होता येत असे, मात्र दीक्षा मिळाल्यावर विवाह करता येत नसे, आणि बिशप अविवाहितांतूनच निवडीत.

नियम कडक असला तरी माणसाचे मन बदलले नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी व स्वित्झर्लंड येथील कित्येक याजक घरी स्त्री ठेवून राहत. त्यांना मुलेबाळे होत, आणि काही बिशप त्याबद्दल दंड घेऊन डोळेझाक करीत. दंड भरला की याजकाचे काम सुरळीत चाले. परंतु त्या घरातील स्त्रीला पत्नी हे नाव नव्हते आणि तिच्या मुलांना बापाचा वारसा नव्हता. नियम पुरुषासाठी केलेला होता; त्याचे ओझे मात्र बाईच्या डोक्यावर होते. ही गोष्ट आमच्या वाचकांनी पुढील हकीगत वाचताना ध्यानात ठेवावी.

काथरीना फॉन बोरा हिचा जन्म २९ जानेवारी १४९९ रोजी सॅक्सनी प्रांतात, लाइपझिग शहराच्या दक्षिणेस असलेल्या लिपेनडोर्फ ह्या खेड्यात झाला असे मानतात. घराणे खानदानी, पण गरिबीला आलेले. आई लहानपणीच वारली. बापाने दुसरे लग्न केले आणि पाच-सहा वर्षांच्या ह्या मुलीला ब्रेना येथील मठात शिकावयास पाठविले. पुढे दहाव्या वर्षाच्या सुमारास तिला ग्रिमा गावाजवळील निम्बशेन येथील मठात नेण्यात आले. त्या मठात तिची एक मावशीसारखी आप्त मठमाता होती, आणि तिची आत्या माग्दालेना हीही तेथेच मठवासिनी होती. मुलीला हुंडा देण्याची ऐपत नसलेली कुलीन घराणी त्या काळी मुलींना अशा मठांत ठेवीत. १५१५ साली, सोळा वर्षांची असताना, काथरीनाने आजन्म ब्रह्मचर्याचे, दारिद्र्याचे व आज्ञाधारकपणाचे व्रत घेतले. ते तिने आपल्या खुशीने घेतले की दुसरी वाट नव्हती म्हणून घेतले, ह्याचा विचार त्या काळी कोणी केला नाही.

ह्या मठाविषयी आम्ही केवळ वाईट लिहिणार नाही. तेथे तिला लिहिणे-वाचणे आले, थोडीबहुत लॅटिन भाषा कानांवरून गेली, भजने व प्रार्थना पाठ झाल्या. मठाची जमीन मोठी होती. तिचा कारभार कसा चालतो हेही तिने पाहिले. त्या काळच्या खेड्यातील मुलीला एवढे शिक्षण अन्यत्र मिळाले नसते. पुढे तिने जो प्रपंच उभा केला, त्याची पुष्कळशी तयारी ह्या मठाच्या भिंतींआडच झाली.

१५१७ साली लूथर ह्यांनी पापक्षमेच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध आपली पंच्याण्णव विधाने प्रसिद्ध केली, आणि १५२१ साली मठातील व्रतांविषयी एक पुस्तक लिहिले. तारण देवाच्या कृपेने व विश्वासाने मिळते, व्रते करून ते कमाविता येत नाही. म्हणून असले व्रत माणसाच्या विवेकाला कायमचे बांधू शकत नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी केम्बेर्ग येथील याजक बार्थोलोमेव्ह बेर्नहार्डी ह्याने उघडपणे विवाह केला. असे विचार निम्बशेनच्या मठातही येऊन पोहोचले. तेथील काही मठवासिनींनी आधी आपल्या घरच्यांकडे सुटकेची विनंती केली, असे लूथर ह्यांनी पुढे लिहिले आहे. परंतु घरची दारे उघडली नाहीत. तेव्हा त्यांनी लूथर ह्यांच्याकडे साहाय्य मागितले.

मठवासिनीला पळवून नेणे हा त्या काळी देहान्त शिक्षेस पात्र असा गुन्हा होता. तथापि तोर्गाव येथील लेओनहार्ड कोपे नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी हे काम करावयास तयार झाला. तो मठाला खारवलेले मासे वगैरे माल पुरवीत असे. १५२३ सालच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री त्याच्या झाकलेल्या गाडीतून बारा मठवासिनी निघाल्या. त्या माशांच्या पिंपांत लपून गेल्या अशी गोष्ट पुढे लोकांत पसरली, पण ती मागाहून रचलेली दिसते. बारांपैकी तिघी आपापल्या नातेवाइकांकडे गेल्या आणि उरलेल्या नऊ जणी विटेनबर्ग येथे लूथर ह्यांच्या दारी आल्या. त्यांत चोवीस वर्षांची काथरीना होती.

आता ह्या नऊ जणींचे करावयाचे काय? त्यांच्याजवळ पैसा नव्हता, धंदा नव्हता, आणि कायद्याच्या दृष्टीने त्या व्रत मोडून पळालेल्या अपराधी होत्या. लूथर ह्यांनी एकेकीसाठी स्थळ किंवा नोकरी शोधली. काथरीना प्रथम नगरातील राइखेनबाख नावाच्या गृहस्थाच्या घरी आणि पुढे प्रसिद्ध चित्रकार लूकास क्रानाख ह्यांच्या घरी राहिली. न्युरेंबर्ग येथील हिएरोनिमस बाउमगार्टनर नावाच्या एका तरुणाशी तिचा विवाह होण्याचा योग दिसत होता, परंतु तो गावी गेला आणि परत आलाच नाही. नंतर लूथर ह्यांनी ग्लाट्स नावाच्या एका प्रौढ पाळकाचे स्थळ आणिले. ते काथरीनाने साफ नाकारले, आणि लूथर ह्यांचे स्नेही आम्सडोर्फ ह्यांना कळविले की, आम्सडोर्फ किंवा स्वतः लूथर ह्यांपैकी कोणी मागणी घातली तर आपण नाही म्हणणार नाही. जिला लहानपणापासून दुसऱ्यांनीच जागा नेमून दिली होती, तिने पहिल्या प्रथम आपल्या आयुष्याविषयी आपले मत सांगितले ते हे.

लूथर स्वतः अकरा-बारा वर्षे आधीच धर्मशास्त्राचे डॉक्टर झालेले, ऑगस्टिनी संप्रदायाचे मठवासी व दीक्षित याजक होते. आपण पाखंडी म्हणून केव्हाही जाळले जाऊ, तेव्हा बायको करणे बरे नव्हे, असे त्यांस पूर्वी वाटत असे. परंतु दुसऱ्यांस विवाहाची मोकळीक सांगावयाची आणि आपण मागे राहावयाचे, हेही त्यांच्या मनास पटेना. १३ जून १५२५ च्या सायंकाळी बूगेनहागेन ह्या पाळकांनी थोड्या साक्षीदारांसमक्ष त्यांचा विवाह लाविला. त्यांत क्रानाख पतिपत्नी होती. पुढे २७ जून रोजी मंदिरात जाऊन समारंभाने मेजवानी झाली. वर एक्केचाळीस वर्षांचे व वधू सव्वीस वर्षांची होती.

चोहोंकडून टीकेचा पाऊस पडला. शेतकऱ्यांचे बंड नुकतेच मोडले गेले होते आणि हजारो लोक मारले गेले होते. अशा वेळी हा विवाह कशाला, असे लूथर ह्यांचे जिवलग साथी मेलान्क्थोन ह्यांनाही वाटले. मठवासी व मठवासिनी ह्यांच्या पोटी ख्रिस्तविरोधी जन्मास येईल, अशी एक जुनी लोकसमजूत होती. ती शत्रूंनी पुन्हा उगाळली. पुढच्या वर्षी, ७ जून १५२६ रोजी, ह्या दांपत्याला मुलगा झाला. त्याचे नाव हान्स ठेविले. मूल सुदृढ व चारचौघांच्या मुलांसारखे होते, आणि त्या समजुतीचे उत्तर पाळण्यात निजले होते.

आता काथरीनाबाईंच्या प्रपंचाकडे वळू. विटेनबर्ग येथील ऑगस्टिनी मठाची इमारत मोकळी पडली होती. राज्यकर्त्यांनी ती ह्या जोडप्याला राहावयास दिली. लूथर ह्यांच्या बिछान्यातील पेंढा एक वर्षभर बदललेला नव्हता आणि घामाने कुजला होता, असे त्यांनीच पुढे सांगितले. पैशाच्या बाबतीत ते फार उदार. मागणाऱ्याला घरातील चांदीचे भांडेही उचलून देत, आणि आपल्या पुस्तकांबद्दल छापखानेवाल्यांकडून काही घेत नसत. त्यांचे विरोधक मायन्सचे आर्चबिशप आल्ब्रेख्त ह्यांनी विवाहप्रसंगी वीस सोन्याची नाणी अहेर म्हणून पाठविली. लूथर ती परत पाठविणार होते. काथरीनाबाईंनी ती ठेवून घेतली. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी हसत हसत सांगतात, पण तिच्यात एका गृहिणीचा व्यवहार दिसून येतो. घरात पुढे किती ताटे वाढावी लागणार आहेत ह्याचा अंदाज तिला होता.

आणि ताटे खरोखरच पुष्कळ वाढावी लागली. त्यांना सहा मुले झाली. त्याशिवाय लूथर ह्यांच्या मृत बहिणींची पोरकी मुले, मठ सोडून आलेली आत्या माग्दालेना, पैसे देऊन राहणारे विद्यार्थी, परागंदा झालेले उपदेशक, दूरदेशचे पाहुणे, अशी तीसचाळीस माणसे त्या घरात जेवत असत. बाई पहाटे चारला उठत. त्यांनी गुरे, डुकरे व कोंबड्या पाळल्या, बागा लाविल्या, तळ्यातील मासे विकले, आणि मठाला असलेल्या परवान्यावर घरची बिअर गाळली. त्या देशात ते रोजचे पेय होते. पडक्या इमारतीची दुरुस्ती त्यांनीच देखरेख करून करविली. १५४० साली त्यांच्या भावाकडे असलेली ट्सुल्सडोर्फ येथील शेती विकत घेतली. ती दोन दिवसांच्या वाटेवर होती, तरी बाई स्वतः गाडीत बसून पेरणी-कापणी पाहावयास जात. लूथर पत्रांतून त्यांची थट्टा करीत आणि पुरुषाला शोभेल अशा मानाने त्यांना संबोधीत. परंतु त्या थट्टेत, घरचा कारभार कोणाच्या हाती आहे ह्याची कबुलीही होती.

रात्री जेवणाच्या वेळी विद्यार्थी लूथर ह्यांची भाषणे टिपून घेत. पुष्कळ घरांत अशा वेळी बायका आत असत. काथरीनाबाई मात्र त्याच मेजाशी बसत आणि शास्त्राविषयी प्रश्न विचारीत. कित्येक विद्यार्थ्यांना ते रुचत नसे. त्यांनी सबंध पवित्र शास्त्र वाचून काढावे अशी लूथर ह्यांची फार इच्छा होती, आणि १५३५ साली त्यांनी त्यासाठी पन्नास नाणी बक्षीस लाविली होती. बाई चूल व शेत सांभाळून ते वाचन करीत होत्या. आमच्या ज्या भगिनी दिवसभर निंदणी-खुरपणी करून रात्री दिव्यापाशी शास्त्र उघडतात, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

१५२७ साली विटेनबर्ग येथे प्लेगची साथ आली. विद्यापीठ दुसरीकडे हलविले, पुष्कळ लोक गाव सोडून गेले. लूथर व बूगेनहागेन मात्र राहिले. काथरीनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. घरात आजारी माणसे आणून ठेविली, आणि ते घर एक दवाखानाच बनले. डिसेंबरात एलिझाबेथ ही मुलगी जन्मली, परंतु आठच महिन्यांत वारली. दुसरी मुलगी माग्दालेना तेरा वर्षांची होऊन १५४२ च्या सप्टेंबरात बापाच्या कुशीत मरण पावली. मुलाबाळांच्या मरणाचे दुःख काय असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या घरातून निघालेला दिलाशाचा शब्द खरा वाटत असे. पाळक विवाहित असावा ह्या म्हणण्याला ग्रंथांतील प्रमाणांपेक्षा हे प्रमाण अधिक बळकट झाले.

आता आम्ही त्या भागाकडे येतो, ज्याविषयी लूथर ह्यांच्या चरित्रांत फारसे लिहिलेले नसते. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी लूथर आपल्या जन्मगावी, आइसलेबेन येथे वारले. बाई जवळ नव्हत्या. चार वर्षांपूर्वीच, ६ जानेवारी १५४२ रोजी, लूथर ह्यांनी मृत्युपत्र करून ठेविले होते. वकिलांचा त्यांस तिटकारा असल्यामुळे ते त्यांनी स्वतःच लिहिले. त्यात त्यांनी पत्नीला आपल्या मालमत्तेची मालकीण केले, आणि मुलांवर दुसरे पालक नेमण्याऐवजी मुलांची आईच त्यांची खरी पालक, असे ठरविले. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे मात्र विधवेला असा अधिकार नव्हता. तिला व तिच्या मुलांना पुरुष पालक असावाच लागे. राज्याचे मंत्री ब्रुक ह्यांना बाईंचा कारभार पसंत नव्हता. मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवावे असे त्यांचे मत होते. राज्यकर्ते योहान फ्रेडरिक ह्यांनी मृत्युपत्राला मान दिला, तरी पालक नेमले गेलेच. बाईंनी हट्टाने घर व मुले आपल्यापाशी ठेविली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. जुन्या नियमाखाली याजकाच्या घरातील स्त्रीला पत्नीचे नाव नव्हते. धर्मसुधारणेने ते नाव दिले. उपदेशांतून व पुस्तकांतून विवाहाचा गौरव झाला. परंतु ज्या दिवशी पती गेला, त्या दिवशी त्या नावाबरोबर भाकरी देण्याची सोय कोणी केलेली नव्हती. याजकांना बायका नव्हत्या तोवर याजकांच्या विधवांचा प्रश्नच कायद्यापुढे आला नव्हता. नवी मोकळीक मिळाली, पण तिच्यामागून येणारी जबाबदारी समाजाने अजून उचलली नव्हती.

त्याच वर्षी युद्ध पेटले. सम्राट पाचवा चार्ल्स ह्याची फौज सॅक्सनीवर चालून आली, आणि काथरीनाबाई मुलांना घेऊन माग्डेबुर्ग येथे पळाल्या. १५४७ साली त्यांस पुन्हा पळावे लागले. त्या ब्राउनश्वाइग येथपर्यंत गेल्या. तेथून डेन्मार्कला जाऊन राजाचा आश्रय घ्यावा असा विचार होता, परंतु फौजांमुळे वाट बंद होती. परत आल्या तेव्हा शेते उजाड, गुरे नाहीशी झालेली व कर मात्र डोक्यावर, अशी स्थिती होती. बाईंनी कर्ज काढिले, पुन्हा विद्यार्थी जेवावयास ठेविले, आणि डेन्मार्कचा राजा तिसरा क्रिश्चन ह्याला मदतीसाठी पत्रे लिहिली. ज्यांच्या घरी अर्ध्या युरोपातील विद्वान जेवून गेले, त्यांना साहाय्यासाठी परदेशच्या राजापुढे पदर पसरावा लागला. स्वतःच्या नगरात त्यांची आठवण ठेवणारे थोडेच उरले होते.

१५५२ साली विटेनबर्ग येथे पुन्हा प्लेग आला. धाकटी दोन मुले, पाउल व मार्गारेट, ह्यांना घेऊन बाई तोर्गावकडे निघाल्या. वाटेत घोडे बुजून उधळले. मुलांचा जीव वाचावा म्हणून त्यांनी गाडीतून उडी टाकली, आणि त्या थंड पाण्याच्या खंदकात पडल्या. त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत. तीन महिने अंथरुणाला खिळून २० डिसेंबर १५५२ रोजी तोर्गाव येथे, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. लूथर ह्यांची कबर विटेनबर्गच्या किल्ल्यातील मंदिरात आहे. काथरीनाबाईंची तोर्गाव येथील मरियेच्या नावाच्या मंदिरात आहे. ज्या गावच्या माणसाने त्यांना मठातून गाडीत आणिले, त्याच गावी त्यांचा अंत झाला.

ह्या चरित्रातील नियमाचे पुढे काय झाले, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. काथरीनाबाईंच्या मरणानंतर अकरा वर्षांनी, नोव्हेंबर १५६३ मध्ये, ट्रेंट येथील सभेने रोमन कॅथॉलिक मंडळीची भूमिका पक्की केली. सम्राट पहिला फर्डिनंड व बव्हेरियाचा ड्यूक ह्यांनी याजकांना विवाहाची मोकळीक द्यावी असा प्रयत्न केला होता. तो मान्य झाला नाही. दीक्षित याजकाचा विवाह रद्दच समजावा, हा निर्णय कायम राहिला. मात्र त्याच सभेने प्रत्येक बिशपाने तरुणांना शिक्षण देण्यासाठी सेमिनरी काढावी असेही ठरविले, आणि त्यामुळे पुढील काळातील याजक अधिक शिकलेले व शिस्तीचे झाले, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

आधुनिक काळात १९१७ च्या धर्मविधानाने तोच नियम पुन्हा लिहून काढिला. त्यात भर पडत गेली ती अपवादांची. १९५१ साली खुद्द जर्मनीत, मायन्स येथे, पूर्वी लूथरपंथी पाळक असलेल्या रूडोल्फ गोएथे नावाच्या विवाहित गृहस्थाला पोप बाराव्या पायस ह्यांच्या परवानगीने कॅथॉलिक याजकपद देण्यात आले. ज्या मायन्सच्या आर्चबिशपाने काथरीनाबाईंना अहेर पाठविला होता, तेच हे मायन्स. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन सभेने असे म्हटले की, ब्रह्मचर्य हे याजकपदाच्या स्वरूपातूनच अवश्य ठरत नाही, पूर्वेकडील मंडळ्यांची रीत त्याची साक्ष आहे. तरी पश्चिमेकडील मंडळीत तो नियम राखावा. १९६७ साली पोप सहावा पौल ह्यांनी ह्याच विषयावर एक परिपत्र काढून नियम कायम ठेविला. मात्र त्याच वर्षी त्यांनी कायम डीकनचे पद पुन्हा सुरू केले. प्रौढ विवाहित पुरुषाला पत्नीच्या संमतीने ते मिळू शकते. १९८३ च्या धर्मविधानातही याजकाचा विवाह निष्फळ समजला जातो. याजकपदाच्या बंधनांतून मुक्त व्हावयाचे असेल तर पोपची खास परवानगी लागते. २००९ साली अँग्लिकन मंडळीतून येणाऱ्यांसाठी निराळी व्यवस्था झाली, आणि तिच्याखाली विवाहित पाळकांना कॅथॉलिक याजक होण्याची परवानगी मिळू लागली. २०१९ साली ॲमेझॉन नदीच्या प्रदेशासाठी रोम येथे भरलेल्या सभेत, दुर्गम गावांतील मंडळ्यांना वर्षानुवर्षे याजक मिळत नाही म्हणून योग्य अशा विवाहित डीकनांना याजकपद द्यावे, असा ठराव दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी झाला. परंतु फेब्रुवारी १९२० च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे २०२० साली, पोप फ्रान्सिस ह्यांनी जे पत्र काढिले त्यात ती मोकळीक दिली नाही. ह्यावरून दिसते की, जो प्रश्न निम्बशेनच्या मठातील मुलींपुढे होता, तो अद्यापि मिटलेला नाही.

आम्ही ह्या चरित्रावरून शेजारच्या मंडळीला दोष देऊ इच्छीत नाही. अविवाहित राहून सेवा करणाऱ्यांनी आपल्या देशावर मोठे उपकार केले आहेत. गोव्यातील साष्टी भागात राहून ज्यांनी १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण मराठीत रचिले, ते फादर स्टीफन्स असेच एकटे राहणारे पाद्री होते. त्यांचे ऋण प्रत्येक मराठी ख्रिस्ती मनुष्यावर आहे. दुसऱ्या बाजूला रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचे अनाथ मुलांनी भरलेले घरही आपल्याच मंडळ्यांचे भूषण आहे. एकटे राहणे हे दान आहे आणि विवाह हेही दान आहे. दान जबरीने कोणावर लादता येत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

परंतु आमच्या मंडळ्यांसाठी ह्या चरित्रात एक निराळा बोध आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. आमचे पाळक विवाह करू शकतात ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण त्या विवाहाचा भार आम्ही उचलतो काय? पाळकाच्या बायकोने मंडळीची सर्व कामे विनावेतन करावी, पाहुण्यांना जेवू घालावे, शाळा पाहावी, आजाऱ्यांकडे जावे, असे आम्ही गृहीत धरितो. पाळक वारला म्हणजे पाळकगृह नव्या पाळकासाठी रिकामे करावे लागते, आणि वीस वर्षे ज्या बाईने त्या गावाची सेवा केली ती मुलांना घेऊन कोठे जाणार, हे पंचांच्या सभेत क्वचितच कोणी विचारितो. सुगीच्या सणाला धान्य गोळा होते तेव्हा त्यातील एक वाटा अशा घरी पोहोचावा. मंडळीच्या हिशेबात विधवा-निधीची एक ओळ असावी. आणि पाळक जिवंत असतानाच त्याच्या बायकोच्या नावे काही ठेवावे. ह्या गोष्टी मोठ्या नाहीत, परंतु ह्या झाल्या नाहीत तर पाळकाच्या विवाहाविषयीचे आमचे सारे बोलणे पोकळ ठरेल.

उपदेशक बंधूंनो, आपापल्या गावी ह्या महिन्याच्या सभेत हा विषय काढा. ज्यांच्या हातची भाकरी आपण खाल्ली, त्यांना म्हातारपणी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागू नये, अशी बुद्धी व सामर्थ्य प्रभू आपल्या सर्व मंडळ्यांस देवो.